परवडत नाही म्हणत गेले

सुमन,

आज रविवार. सकाळी भुशाची शेगडी भरायला बसले आणि पुन्हा तेच झालं. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा टाकून घट्ट दाबायचा, मग बाटली गोल फिरवत अलगद वर ओढायची. हे काम एकटीच्या हातांचं नाही. एका हातानं बाटली धरली की भुसा नीट दाबला जात नाही. दोनदा मधलं भोक ढासळलं. तिसऱ्यांदा मी डबा कोपऱ्यात सारला, स्टोव्ह पेटवला आणि चहा केला. रॉकेल जळतंय म्हणून ओरडायला कुणी नव्हतं.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. विंझरच्या शाळेत आपण दोघीच बाई. सात वर्षं एका खोलीत राहिलो, एका शेगडीवर शिजवून खाल्लं. मग माझी बदली भोरला झाली, त्यालाही आता दोन वर्षं होतील. लोकांना एवढं सांगता येतं. त्यापुढं सांगायला गेले की जीभ अडखळते, म्हणून तुलाच लिहायला बसले आहे. थकले आहे गं. रडून थकलेलं माणूस निदान झोपतं. मला रडूही धड येत नाही आणि झोपही.

तू विंझरला आलीस तेव्हा बौद्धवाड्यात लांबच्या नात्यातल्या कुणाकडं तरी उतरली होतीस. एका खोलीत सातजण. वह्या तपासायला जागा नाही म्हणून तू शाळा सुटल्यावरही वर्गात बसून राहायचीस, आणि सकाळी धुरानं लाल झालेले डोळे घेऊन यायचीस. मला गोदाकाकूंची खोली होती. गोठ्याला लागून, पण दार रस्त्याकडून वेगळं. एकटीला ती मोठी होती. संध्याकाळी बोलायला भिंती आणि पलीकडं काकूंची म्हैस. महिनाभर मी तुला पाहत होते. तुझं हसणं मला आवडायचं, तू मुलांना रागावताना मध्येच हसायचीस ते. मला वाटलं, ही आपल्याकडं राहायला आली तर किती बरं होईल.

आता हे वाटलं तसंच बोलायचं, तर मी कसली! मी गोदाकाकूंकडं गेले आणि म्हणाले, "काकू, मला एकटीला भाडं जड जातंय. सुमनबाईंना घेते संगं. न्हाईतर खोली सोडावी लागंल."

काकू तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं. "त्या नव्या बाई? अगं, पन त्या…"

"व्हय, त्याच. दुसरी कोन हाय हितं?"

भाडं जातंय की काय, ही काळजी आणि गाव काय म्हणेल, ही काळजी, दोन्ही त्यांच्या तोंडावर दिसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. पन घागर येगळी ठेवा म्हंजे झालं."

"दुसरी घागर घ्यायला पैसं कुठनं आणू, काकू?"

काकू म्हणजे तरुणपणी कपाळ पांढरं झालेली बाई, साऱ्या जन्मात पैसे नाहीत हे एकच कारण त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. "न्हाईत तर न्हाईत," म्हणाल्या, आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

मला काय आनंद झाला होता! वाटलं, केवढी युक्ती सापडली. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात ना, मी उलटं केलं, पैसे नसल्याचं सोंग आणलं. त्यानंतर गावानं जे जे विचारलं त्याला माझं हेच उत्तर. एका चुलीवर कसं जेवता? दोन चुलींना सरपण परवडत नाही. एका छत्रीतून कशा जाता? दुसरी छत्री परवडत नाही. जातीला नाव ठेवणारी माणसं गरिबीला नाव ठेवत नाहीत, हे मला कळलं होतं. फक्त तूही ते ऐकते आहेस, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

तसं पाहिलं तर सोंग अगदीच खोटं नव्हतं. ओढाताण खरीच होती. माझा पगार निम्म्याहून जास्त घरी आंबवड्याला जायचा, तुझा तुझ्या घरी भाटघरला. दोघींच्या लग्नाचं दोघींच्याही घरात कुणी मनावर घेत नव्हतं, कारण मिळवती मुलगी घरात असलेली बरी असते. उरलेल्यात महिना ढकलायचा. त्या कामात तू माझी गुरू. सुताराकडून भुशाचं पोतं फुकट आणणं तुझंच. डाळभात शिजून झाला की त्याच धगीवर आंघोळीचं पाणी ठेवायचं, आणि ते उतरवलं की राखेत उरलेल्या निखाऱ्यावर दुसऱ्या दिवशीच्या मटकीचं भांडं. साबणाचे तुकडे ओले करून एकमेकांवर दाबायचे, की नवी वडी तयार. चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळायची, तिसऱ्यांदा नाही, कारण "तिसऱ्यांदा नुसता गूळ वाया जातो," असं तू परीक्षेच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं सांगितलं होतंस.

एसटीनं येताना आपण एक टप्पा आधी उतरायचो आणि उरलेली वाट चालायचो. तो उंच कंडक्टर दर वेळी म्हणायचा, "बाई, विंझर अजून न्हाई आलं." आणि तू खाली उतरता उतरता, "गाव न्हाई आलं, पर पैसं सपलं की!" सगळी गाडी हसायची. मला लाज वाटायची, तुला मजा वाटायची. वाटेत तू पुढं चालायचीस आणि मी मागून कुरकुरत.

काडेपेटीवरून आपलं भांडण तर शेवटपर्यंत मिटलं नाही. तू ब्लेडनं प्रत्येक काडी उभी चिरायचीस, एकीच्या दोन. उन्हाळ्यात ठीक होतं. वेल्ह्याच्या बाजूचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतीला बुरशी आणि अंथरुणाला ओल. त्या अर्ध्या काड्या घासल्या की गुल तेवढा उडून जायचा. तीन मोडल्या की चौथी पेटायची. मी म्हणायचे, यात वाचलं काय? तू म्हणायचीस, "तू नीट घासत न्हाईस. मनापासून घास." मला अजूनही वाटतं की मीच बरोबर होते. पण भांडायला समोर माणूस लागतं.

साड्यांची गंमत मात्र माझ्या डोक्यातली. तुझी तीन पातळं, माझी तीन. मी म्हटलं, मिसळू या, दोघींची सहा होतील. डेप्युटी साहेब तपासणीला आले तेव्हा हेडमास्तरांना म्हणाले म्हणे, विंझरच्या बाया टापटिपीच्या आहेत, रोज नवं पातळ. त्या दिवशी आपण किती हसलो! दुष्काळाच्या साली रेशनवर तो लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापली की चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे. तू त्यात शिळा भात कुस्करून घालायचीस, तेव्हा कुठं ती एकसंध यायची. आजारी गुरासारखं तोंड करून मी ती खायचे आणि तू म्हणायचीस, "खा मुकाट्यानं, राणीसाहेब." सुमन, त्या भाकरीची चव वाईट होती, पण त्या साली मी जेवढी सुखात होते तेवढी आज स्टोव्हवरचा चहा पिताना नाही.

याच साली माझी आई आंबवड्याहून तांदळाची पिशवी घेऊन आली. तू अजून शाळेत होतीस. तिनं खोलीभर नजर फिरवली. दोरीवर वाळत घातलेलं पाहिलं, घागर पाहिली, एकच घागर. मग म्हणाली, "येताना शाळंपाशी ती बाई दिसली. तिच्या अंगावर तुजं निळं पातळ कसं गं?"

"आई, तिनात भागत न्हाई. मिसळली की दोघींना सहा होत्यात."

"आन् खानं?"

"दोन चुलींना सरपण कुठलं आणू?"

आई उसासा टाकून म्हणाली, "पैशापायी मानसाला काय काय करावं लागतं, बया."

आणि मी म्हणाले, "व्हय ना."

तू दारात उभी होतीस, छातीशी वह्यांचा गठ्ठा धरून. किती वेळ उभी होतीस ते मला माहीत नाही. तू आत आलीस, गठ्ठा ठेवलास, आईला वाकून नमस्कार केलास आणि चहा टाकायला लागलीस. आईला अचानक आपला उपास आठवला. कुठल्या देवाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. तू चहा दोन कपांतच ओतलास, जणू पहिल्यापासून दोनच कपांचा टाकला होतास.

संध्याकाळी आई गेल्यावर तू तांदळातले खडे वेचत होतीस. वर न बघता म्हणालीस, "शकू, उद्या तुझा पगार वाढला तर?"

"तर काय?"

"तर दुसरी घागर घेशील का?"

मी हसले. "येडी का खुळी तू!" म्हणाले. हे उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तू खडे वेचत राहिलीस. मला वाटलं, तुला समजलंच आहे, बोलायची काय गरज? आपल्याकडं मनातलं बोलणं म्हणजे उधळपट्टीच समजतात.

खरी लाजिरवाणी गोष्ट आता लिहिते. दरवर्षी वैशाखात तू सुट्टीला भाटघरला निघालीस की म्हणायचीस, "चल की या वर्षी. आई सारखी म्हनते, बाईंना आन." आणि दरवर्षी मी म्हणायचे, "जायचं-यायचं तिकीट कशाला घालवायचं? त्यात आठवड्याचं रॉकेल येतं." पहिल्या वर्षी तू हुज्जत घातलीस. दुसऱ्या वर्षी एकदाच विचारलंस. नंतर नंतर तू विचारायचीस आणि माझ्या उत्तराआधीच ट्रंकेला कुलूप लावायचीस.

मला तिकिटाची काळजी नव्हती, सुमन. खोलीत चार भिंती होत्या. तिथं आपण काय खातो ते गोदाकाकू सोडून कुणी पाहत नव्हतं, आणि विचारलं तर उत्तर तयार होतं. पण भाटघरला तुमच्या वाड्यात, तुमच्या ओसरीवर पंक्तीला बसायचं, आणि भोरच्या बाजाराला निघालेली आमची अर्धी भावकी त्याच रस्त्यानं जाणार. कुणी पाहिलं तर काय सांगायचं? तिकीट काढून जेवायला जाण्यात काटकसर कुठली? माझी युक्ती तिथं चालत नव्हती. म्हणून मी तीच युक्ती तुझ्यावर चालवली.

तुझ्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा तर तू माझा हात धरलास. तुझ्या चिरलेल्या काड्यांवर शिकलेला भाऊ. हुंडा नाही, वाजंत्री नाही, बुद्धाच्या तसबिरीसमोर दोन हार, असं ते लग्न. "न्हाई म्हनू नको," म्हणालीस. मी न्हाई म्हटलं नाही. शनिवारी ताप आला म्हटलं. ताप अंगात नव्हता, पण पांघरूण घेऊन पडले होते. आणि नसरापूरच्या बाजारातून आधीच आणून ठेवलेलं पितळेचं पातेलं, नाव घालून घेतलेलं, तुझ्या हाती दिलं. ताप यायच्या आधीच मी नाव घालून घेतलं होतं, हे तुझ्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नसणार.

लग्नाहून परत आलीस ती दोन लाडू घेऊन. ट्रंक उघडता उघडता म्हणालीस, "भांड्याला तिकिटापरीस लई जास्त पडले असतील, शकू."

"स्वस्त मिळालं," मी म्हणाले.

तू मान हलवलीस. पैशाची पारख तुला माझ्याहून जास्त. त्या दिवशी तू भांडली असतीस तर फार बरं झालं असतं. मी रडले असते, माफी मागितली असती, कदाचित पुढच्या वैशाखात आले असते. तू काडेपेटी घेऊन बसलीस आणि काड्या चिरायला लागलीस.

मग माझी बदली. मग तुझं पोटाचं दुखणं. पंधरा दिवसांनी तू भोरच्या दवाखान्यात यायचीस, फाट्यावर गाडी बदलून, उन्हातान्हात. चेहरा निम्मा झालेला. एसटी स्टँडच्या बाकावर आपण शेंगा खात बसलो होतो. मला आतून इतकं भरून आलं होतं की ओरडावंसं वाटत होतं, चल माझ्या घरी, मी तुला उचलून नेते. आणि तोंडातून काय निघालं? "माझ्या खोलीवर राहा की. येन्याजान्याचं तिकीट वाचंल तुझं."

तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं नाही. दमल्यासारखं. म्हणालीस, "परवडतंय मला, शकू."

मला राग आला. मानी आहेस, हट्टी आहेस, असं बरंच बोलले. गाडी लागली. तू शेंगांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवलास आणि गाडीत चढलीस. आपली शेवटची धड भेट ती. सात वर्षांत मला दुसरी भाषाच उरली नव्हती गं. तुझ्यासाठी जीव तुटत होता तेव्हाही मी तिकिटाचं बोलले.

शेवटचा महिना तू भाटघरलाच होतीस. मला ते कळलं होतं. भोरहून भाटघर म्हणजे चालत जाण्यासारखी वाट. मी रोज म्हणत होते, परीक्षा संपू देत, पेपर तपासून होऊ देत. निरोप बाजाराच्या दिवशी मिळाला. तोपर्यंत सारं उरकलं होतं.

काल गेले. शनिवारची सकाळची शाळा आटोपून तशीच निघाले. कुणालाही विचारत विचारत, मोठ्यानं, तुझं नाव घेत. दोन माणसं आमच्या ओळखीची भेटली, त्यांनाही सांगितलं कुठं चालले ते. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. एकजण नुसतं म्हणाला, "ऊन लई हाय, डोक्यावर पदर घ्या." एवढ्यासाठी मी नऊ वर्षं घाबरले.

तुझ्या आईनं मला पाहिलं आणि ओळखलं. "तुमीच शकूबाई न्हवं? या. बसा." तांब्याभर पाणी दिलं. मी प्याले. ताट वाढलं, भाकरी आणि वांग्याचं कालवण. माझी मान वर होत नव्हती. मला वाटलं, आता विचारतील, इतक्या वर्षांत का आला नाहीत?

त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सुमी लई सांगायची तुमचं. म्हनायची, बाईंच्या मागं घरची लई ओढ हाय, पगार हातात ऱ्हात न्हाई. यायचं लई मनात असतं, पन तिकिटाला परवडत न्हाई बिचारीला. आन् तरीबी लग्नात भांडं धाडलंत तुमी, पोटाला चिमटा घेऊन. म्या सुमीला म्हनलं, असं मानूस लाखात एक."

सुमन, भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. मी तुला दिलेलं खोटं तू दरवर्षी घरी घेऊन जात होतीस. आईचा अपमान होऊ नये म्हणून, आणि माझी लाज जाऊ नये म्हणूनही. तुला सगळं कळत होतं. आणि तू त्यांच्या मनात माझ्यासाठी जागा राखून ठेवलीस, मी येईपर्यंत.

मला सांगायचं होतं. मावशी, परवडत होतं मला. मी आले नाही, कारण मी भित्री होते, आणि तुमची मुलगी या जगात मला सगळ्यात जवळची होती. तोंड उघडलंसुद्धा. पण त्या माझ्याकडं इतक्या मायेनं पाहत होत्या की मी हातातला तुकडा तोंडात घातला. आणि मी खरं बोलले असते तर तू त्यांच्याशी खोटं बोललीस, हेही बोलल्यासारखं झालं असतं. मी भाकरी खाल्ली. त्यांनी आणखी अर्धी वाढली, तीही खाल्ली.

निघाले तेव्हा त्या रस्त्यापर्यंत आल्या. "कशानं आलात?"

"चालत."

त्यांनी पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातात पैसे ठेवले. "जाताना येष्टीनं जावा. पाय तुटतील अशानं."

"नको मावशी, खरंच नको."

"घ्या वो. सुमी असती तर तिनं दिलंच असतं की."

तेवढ्यात गाडी आली, त्यांनीच हात केला. मी चढले. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पाहत होत्या, म्हणून मला मूठ उघडावी लागली. भाटघरचं तिकीट मी जन्मात पहिल्यांदा काढलं, सुमन, आणि तेही तुझ्या आईच्या पैशांनी.